क्विंटलच्या रकान्यात दशांश आकडा कसा घ्यावा? टाइप करतानाच कर्सर पळतो

काटापट्टी_वणी यांचा प्रश्न:

सी शार्प भाषा, विनफॉर्म्स (विंडोजवरचे फॉर्म आणि रकाने बनवायची सोय), डॉट नेट फ्रेमवर्क ४.८. जिनिंगच्या काट्यावर चालणारा प्रोग्रॅम आहे. काही मशीनवर अजून विंडोज ७ एसपी १ आहे, त्यामुळे नव्या डॉट नेटवर जाता येत नाही. एका फॉर्मवर चार रकाने आहेत: वजन क्विंटलमध्ये (दोन दशांश), ओल टक्क्यांत (एक दशांश), भाव रुपये प्रति क्विंटल आणि हमाली-तोलाई. चारही साधे टेक्स्टबॉक्स.

वजन ४८.६५ असं दिसावं आणि रक्कम ३,९४,५५१.५० अशी, लाखाच्या कॉम्यांनी. अडतं ते असं:

टेक्स्टचेंज्डमध्ये (मजकूर बदलला की चालणारा इव्हेंट) फॉरमॅट केलं तर १ दाबताच १.०० होतं आणि कर्सर सुरुवातीला जातो. मग २ दाबला की २१.००. बारा लिहायचे तर एकवीस होतात.

कीप्रेसमध्ये (कळ दाबली की चालणारा इव्हेंट) फक्त अंक आणि एकच टिंब येऊ देतो, तरी पेस्ट करून काहीही आत शिरतं. उलट, रकान्यातला ४८.६५ पूर्ण निवडून त्यावर .५ टाइप करायला गेलं तर टिंब घेतच नाही.

आणि मधूनच सेव्ह करताना फॉरमॅट एक्सेप्शन (मजकुराचा आकडा करता आला नाही ही चूक) येतं, रकान्यात तर आकडा स्वच्छ दिसतो.

मास्क्डटेक्स्टबॉक्स लावावा की न्यूमरिकअपडाउन? की टेक्स्टबॉक्सच दुरुस्त करावा?

---

गोठ्यातला_कोड यांचं उत्तर:

टेक्स्टबॉक्सच दुरुस्त करा. बाकी दोन का नकोत ते आधी सांगतो.

मास्क्डटेक्स्टबॉक्समध्ये प्रत्येक अंकाची जागा ठरलेली असते. तीन अंक, टिंब, दोन अंक असा मास्क दिला आणि माणसाने नुसता ५ दाबला, तर तो शतकाच्या जागेवर जाऊन बसतो. तारीख, आधार, गाडी नंबर यांना तो बरा. कमी-जास्त लांबीच्या वजनाला अजिबात नाही.

न्यूमरिकअपडाउन सोपा वाटतो, पण काट्यावर धोक्याचा आहे. त्याचा मॅक्सिमम मुळात १०० असतो. तो बदलायचा राहिला आणि कुणी १४८.६५ टाइप केलं, तर रकाना सोडताच काही न सांगता १००.०० होतं. रकान्यात फोकस असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा बदलतो, वर-खाली बाणांनीही बदलतो. बाण इंटरसेप्टअॅरोकीज फॉल्स करून बंद होतात. चाकासाठी माउसव्हील इव्हेंटमध्ये हँडल्डमाउसइव्हेंटआर्ग्सचा हँडल्ड ट्रू करावा लागतो. सगळ्यात वाईट हे की आतला आकडा पूर्ण खोडून रकाना रिकामा सोडला तरी व्हॅल्यूमध्ये जुनाच आकडा राहतो. पडद्यावर काही नाही आणि सेव्ह मागच्या गाडीचं वजन होतं. नव्या गाडीसाठी फॉर्म रिकामा करताना हे नेमकं अंगावर येतं.

आता टेक्स्टबॉक्स. टाइप सुरू असताना आकड्याला हात लावायचा नाही. ४८ च्या वाटेवर ४ येतो, ४८.६५ च्या वाटेवर ४८. येतो. हे अर्धे आकडे चुकीचे नाहीत, अपूर्ण आहेत. अपूर्ण आकड्याला कपडे चढवायला गेलं की कर्सर पळणारच, कारण विनफॉर्म्समध्ये टेक्स्टला नवीन मजकूर दिला की कर्सर शून्यावर जातो. सिलेक्शनस्टार्ट जपून ठेवून परत लावणारे लोक आहेत, पण कॉमा वाढला-घटला की तो हिशेबही चुकतो. त्या वाटेला जाऊ नका.

टेक्स्टबॉक्सपासून एक क्लास काढा, त्यात दशांश किती हा गुण (प्रॉपर्टी) आणि व्हॅल्यू नावाचा नलेबल, म्हणजे रिकामाही राहू शकणारा, डेसिमल ठेवा. नलेबल यासाठी की ओल मोजलीच नाही आणि ओल शून्य आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्याला शून्य समजलात तर न मोजलेला कापूस कोरडा ठरतो. मग कामं तीन इव्हेंटमध्ये वाटा.

एंटरमध्ये, म्हणजे रकान्यात येताना, कॉमा काढून नुसता आकडा दाखवा आणि सिलेक्टऑल करा. माउसने क्लिक करून आत आलं तर क्लिक पूर्ण होताना निवड सुटते, म्हणून सिलेक्टऑल थेट न बोलावता बिगिनइन्व्होकमधून बोलवा.

व्हॅलिडेटिंगमध्ये, म्हणजे रकाना सोडताना, मजकूर वाचा. इथे डेसिमल.ट्रायपार्सचं साधं रूप वापरू नका. ते नंबरस्टाइल्स.नंबर धरतं, त्यात अलाउथाउजंड्स येतं, आणि कॉमा कुठे पडला आहे हे ते तपासतच नाही. घाईत टिंबाशेजारची कॉमाची कळ दबून १२,५ झालं, तर ट्रायपार्स ट्रू देतं आणि हाती १२५ येतो. साडेबाराचे सव्वाशे क्विंटल, एकही चूक न दाखवता. फक्त अलाउडेसिमलपॉइंट द्या आणि कल्चर (आकडे लिहिण्याची प्रादेशिक पद्धत) म्हणून इनव्हेरियंटकल्चर. मग १२,५ नाकारलं जातं, आणि तेच हवं.

व्हॅलिडेटेडमध्ये, म्हणजे तपासणी पास झाल्यावर, शोभेचा आकडा: एन२ फॉरमॅट (कॉमे आणि दोन दशांश), कल्चर एन-आयएन (भारतीय इंग्रजी). या कल्चरमध्ये गट ३ आणि मग २-२ चे असल्याने लाख-कोटी बरोबर पडतात. पण कल्चर न्यू करून बनवू नका, कल्चरइन्फो.गेटकल्चरइन्फोने घ्या. न्यू करून घेतलेलं कल्चर त्या मशीनचंच असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये कुणी केलेले बदल त्यात उतरतात, आणि एका मशीनवर एक, दुसऱ्यावर दुसरं दिसतं.

टेक्स्टअलाइन राइट ठेवा. आकडे उजवीकडे टेकलेले असले की एक शून्य जास्त पडलं तर नजरेला लगेच खटकतं.

---

गोठ्यातला_कोड:

कीप्रेस आणि पेस्टचं राहिलं.

टिंब आधीच आहे का एवढंच पाहू नका. त्यानेच निवडलेल्या आकड्यावर .५ लिहिता येत नाही. कळ दाबल्यावर मजकूर काय *होणार* आहे ते काढा: आताच्या टेक्स्टमधून सिलेक्शनस्टार्टपासून सिलेक्शनलेंग्थ एवढा भाग रिमूव्ह करा, तिथे नवं अक्षर इन्सर्ट करा आणि तो होणारा मजकूर रेजेक्सला (मजकूर नमुन्यात बसतो का ते पाहणारी सोय) दाखवा. वजनासाठी नमुना असा: सुरुवात, शून्य ते पाच अंक, मग असलंच तर एक टिंब आणि त्यामागे शून्य ते दोन अंक, शेवट. यात रिकामं, ४८, ४८. आणि .५ हे सगळे अपूर्ण आकडे बसतात. नमुन्यात बसत नसेल तर ई.हँडल्ड ट्रू. चार.इजकंट्रोल असलेल्या कळा आधीच सोडून द्या, नाही तर बॅकस्पेस आणि कंट्रोल-व्ही दोन्ही मरतात.

पेस्टसाठी त्याच क्लासमध्ये डब्ल्यूएनडीप्रॉक ओव्हरराइड करून डब्ल्यूएम पेस्ट हा संदेश पकडा, क्रमांक सोळाच्या पायात ०३०२. उजव्या क्लिकचं पेस्टही इथूनच जातं, तिथे कीप्रेस येत नाही. क्लिपबोर्डचा मजकूर घ्या, रुपयाचं चिन्ह आणि मागचं /- काढा, ट्रिम करा, मग तीच होणाऱ्या मजकुराची तपासणी, आणि पास झाला तर सिलेक्टेडटेक्स्टला द्या. व्हॉट्सअॅपवरून उचललेल्या आकड्यात कधी शून्य रुंदीची अक्षरं असतात (युनिकोड २००बी), ती ट्रिमने जात नाहीत, वेगळी काढावी लागतात. भाव आणि हमालीत कॉमा असलेलं पेस्ट घ्यायचं तर शेवटच्या कॉम्यानंतर टिंबापर्यंत बरोबर तीन अंक असतील तेव्हाच, कॉमे काढून, घ्या. वजनात कॉमा कधीच घेऊ नका.

एवढं करूनही कीप्रेस ही सोय आहे, खरं दार व्हॅलिडेटिंगच. काट्याच्या इंडिकेटरवरून सिरियल पोर्टने आलेलं वजन तुम्ही कोडमधून टेक्स्टला दिलं तर कीप्रेस त्याला पाहतही नाही.

---

अंक_हिंगणघाट यांचं उत्तर:

आकडा स्वच्छ दिसतो आणि तरी एक्सेप्शन येतं, याचं कारण बहुतेक मराठी अंक आहेत.

शेतकऱ्याचं नाव मराठीत टाइप केलं, कीबोर्ड मराठीवरच राहिला आणि माणूस वजनाच्या रकान्यात आला. आता वरच्या ओळीतल्या कळांवर देवनागरी अंक येऊ शकतात. तुमच्या कीप्रेसमध्ये चार.इजडिजिट आहे ना? त्याच्या लेखी देवनागरी अंकही अंकच, तो आत सोडतो. रेजेक्समधला उलटी तिरकी रेघ-डी हाही डॉट नेटमध्ये जगातल्या सगळ्या लिप्यांचे अंक मान्य करतो. पण डेसिमल.पार्स मात्र फक्त इंग्रजी शून्य ते नऊ वाचतं. दोन पहारेकऱ्यांनी आत सोडलेला आकडा तिसरा नाकारतो. माणसाला तर दोन्ही सारखेच वाचता येतात, म्हणून चूक दिसत नाही.

हे अंक अडवू नका, बदलून घ्या. मराठी अंक लिहिणं ही चूक नाही. कीप्रेसमध्ये ई.कीचार बदलता येतो: अक्षर युनिकोड ०९६६ ते ०९६एफ च्या मध्ये असेल तर त्यातून ०९६६ वजा करा, इंग्रजी शून्याचा कोड मिळवा आणि परत ई.कीचारला द्या. पेस्टच्या सफाईतही हेच करा. रेजेक्समध्ये डी ऐवजी चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ स्पष्ट लिहा.

---

दिवाणजी_दर्यापूर यांचं उत्तर:

तुमचं कोडचं चालू द्या, पण ज्या रकान्याले तुम्ही सोपा समजून रायले तोच सगळ्यात अवघड हाये.

काट्यावर मापारी बोलते, "अट्ठेचाळीस, पाच." म्हणजे अट्ठेचाळीस क्विंटल पाच किलो. लिहिणारा लिहिते ४८.५. कम्प्युटर त्याले समजते अट्ठेचाळीस क्विंटल पन्नास किलो. तुमचं एन२ त्याले ४८.५० करून अजून पक्कं करून टाकते. लिहायले पायजे होतं ४८.०५.

२०२५-२६ च्या हंगामाले लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० होता, तोच धरा. ४८.०५ चे होतात ३,८९,६८५.५०, अन् ४८.५० चे ३,९३,३३५.००. पंचेचाळीस किलोचा फरक, ३,६४९ रुपये ५० पैसे. अन् चूक उलटीही होते. मापारी "पन्नास" म्हणते, लिहिणारा ४८.०५ लिहिते, मंग शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातून तेवढेच जातात. तो काटापट्टी घेऊन घरी गेल्यावर कोण पाह्यते?

कोणताही ट्रायपार्स हे पकडत नाही. दोन्ही आकडे बरोबरच हायेत ना. म्हणून वजनाले दोन रकाने ठेवा, एक क्विंटलचा अन् एक किलोचा, दोन्ही पूर्णांक, किलो ० ते ९९. दशांशाची भानगडच नाही. कोडमध्ये किलो भागिले १०० करून जोडा.

---

गोठ्यातला_कोड:

दिवाणजी, मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या उत्तरात हे यायलाच हवं होतं.

फक्त दोन रकान्यांबद्दल थोडं वेगळं मत आहे. भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन काटा किलोतच दाखवतो, आणि सौदा क्विंटलमध्ये होतो. वजन इंडिकेटरवरून येत असेल तर एकच रकाना किलोत, पूर्णांक, ४८०५ असा ठेवा आणि क्विंटल प्रोग्रॅमलाच काढू द्या. तिथे माणसाने दशांश लिहायचं कारणच उरत नाही. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरून भरायचं असेल तिथे तुमचे दोन रकाने.

आणि कुठे एकच क्विंटलचा रकाना ठेवणं भाग असेल, तर टिंबामागे एकच अंक आला की व्हॅलिडेटिंगमध्ये तो स्वीकारू नका. एररप्रोव्हायडरवर (रकान्याशेजारी चुकीची खूण दाखवणारा) सरळ विचारा: "५ किलो असेल तर ४८.०५ लिहा, ५० किलो असेल तर ४८.५० लिहा." मागे शून्य चिकटवून मोकळं व्हायचं नाही. रकान्याखाली एक लेबल ठेवून टाइप होताहोता "४८ क्विंटल ५० किलो" असं शब्दांत दाखवलं तर आणखी चांगलं. लेबल टेक्स्टचेंज्डमध्ये बदललं तरी कर्सरला धक्का लागत नाही.

ओलीच्या रकान्याला हा नियम नको. ९.५ म्हणजे साडेनऊच.

---

स्विंग_अकोट यांचं उत्तर:

जावा स्विंगवाले हे वाचत असतील तर थोडक्यात. कीलिसनरच्या नादी लागू नका, डॉक्युमेंटफिल्टर लावा; टायपिंग आणि पेस्ट दोन्ही त्यातूनच जातात. नंबरफॉरमॅटचं पार्स "१२.५किलो" मधून १२.५ घेऊन बाकीचं सोडून देतं आणि चूक दाखवत नाही, म्हणून पार्सपोझिशन द्या आणि ती मजकुराच्या शेवटापर्यंत पोचली का ते पाहा. सेटपार्सबिगडेसिमल ट्रू करा. जेफॉर्मॅटेडटेक्स्टफील्ड मुळात कमिट ऑर रिव्हर्टवर असतं: चुकीचा आकडा असेल तर फोकस जाताच गुपचूप जुना परत आणतं. काट्यावर ते चालणार नाही.

लाखाचे कॉमे जावाच्या स्वतःच्या डेसिमलफॉरमॅटमध्ये पडत नाहीत. पॅटर्नमध्ये कॉमे कसेही मांडा, तो शेवटच्या कॉम्यापासूनचं अंतर तेवढं धरतो आणि सगळीकडे तेवढ्याच अंकांचे गट करतो. आयसीयू फोर जे या वेगळ्या लायब्ररीतला डेसिमलफॉरमॅट घ्या, त्याला दुसरा गट कळतो.

---

काटापट्टी_वणी:

मराठी अंकांचंच निघालं. कीचार बदलल्यावर एक्सेप्शन थांबलं. वजन आता किलोतच घेतोय.

दोन गोष्टी राहिल्या. व्हॅलिडेटिंगमध्ये ई.कॅन्सल ट्रू केल्यावर माणूस त्या रकान्यातच अडकतो, फॉर्मसुद्धा बंद करता येत नाही. आणि पडद्यावरची रक्कम आणि डेटाबेसमधली रक्कम यांत कधीकधी एका पैशाचा फरक येतो. सगळीकडे डेसिमलच आहे, डबल कुठेच नाही.

---

अंक_हिंगणघाट:

पैशाचं आधी. समजा ओलीपायी ८,११० वर दीड टक्का कट्टी (कपात) बसली, भाव झाला ७,९८८.३५. त्यावर १२.३० क्विंटल म्हणजे नेमके ९८,२५६.७०५. आता मॅथ.राउंड नुसतं दोन दशांश सांगून बोलावलं तर ते बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतं: ९८,२५६.७०. एन२ फॉरमॅट मात्र तोच डेसिमल वरच्या बाजूला नेतो: ९८,२५६.७१. पडद्यावर एक, डेटाबेसमध्ये दुसरं.

मॅथ.राउंडला तिसरं आर्ग्युमेंट मिडपॉइंटराउंडिंग.अवेफ्रॉमझिरो द्या. आणि राउंड एकदाच करा, अंतिम रकमेवर. राउंड झालेलाच आकडा पडद्यावर, पट्टीवर आणि डेटाबेसमध्ये जाऊ द्या. फॉरमॅटिंगकडून राउंडिंगचं काम करून घेऊ नका.

---

गोठ्यातला_कोड:

अडकण्याचं: फॉर्मचा ऑटोव्हॅलिडेट गुण एनेबलअलाउफोकसचेंज करा. मग एररप्रोव्हायडरचं लाल चिन्ह राहतं पण माणूस पुढच्या रकान्यात जाऊ शकतो. रद्द करा या बटणाचं कॉजेसव्हॅलिडेशन फॉल्स ठेवा, आणि फॉर्मक्लोजिंगमध्ये ई.कॅन्सल फॉल्स करा म्हणजे वरच्या फुलीने फॉर्म बंद होईल.

पण मग अडवण्याची जबाबदारी सेव्हवर येते. तुमचं सेव्ह टूलस्ट्रिपवर असेल किंवा मेन्यूच्या शॉर्टकटवर असेल तर ते दाबल्याने फोकस रकान्यातून हलतच नाही. व्हॅलिडेटिंग चालत नाही, आणि शेवटी टाइप केलेला आकडा व्हॅल्यूपर्यंत पोचत नाही. हमाली बदलून लगेच सेव्ह केलं की जुनीच हमाली जाते. म्हणून सेव्हच्या पहिल्याच ओळीत व्हॅलिडेटचिल्ड्रन बोलवा, व्हॅलिडेशनकन्स्ट्रेंट्स.एनेबल्ड देऊन, आणि फॉल्स आलं तर तिथूनच परत फिरा. ज्या रकान्यात माणूस गेलाच नाही तेही यात तपासले जातात, म्हणून व्हॅलिडेटेडने कॉमे घालून दाखवलेला मजकूर तसाच असेल तर व्हॅलिडेटिंगमध्ये तो परत वाचू नका.

---

दिवाणजी_दर्यापूर:

अन् पट्टी छापताना आकड्याखाली वजन अक्षरात छापा: अट्ठेचाळीस क्विंटल पाच किलो. शेतकरी काट्यावर उभा हाये तोवरच त्याले वाचून दाखवता आलं पायजे.